जॉबकार्डावर न मावणारा आवाज

शनिवारी सकाळी साडेनऊला पुण्यातल्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरसमोर जाऊन उभे राहा. शटर पूर्ण वर होण्याआधीच दहा-पंधरा गाड्या लागलेल्या असतात. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, नजर घड्याळावर, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच गणित : गाडी टाकून लवकर मोकळं व्हायचं. हातात टॅब घेतलेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर एकेक गाडी उरकत असतो. किलोमीटरचा फोटो, टाकीवरच्या ओरखड्यांचा फोटो, पेट्रोल किती आहे, मोबाइल नंबर तोच का, आणि मग नेहमीचा प्रश्न, "काही कम्प्लेंट?"

अशाच एका रांगेत माझ्यापुढच्या गृहस्थांनी तक्रार सांगितली ती अशी : "तिसऱ्या गिअरला चाळीसच्या पुढं गेलं की खालून किरकिर आवाज येतो. पण मागे मिसेस बसल्या असतील तर येत नाही." अ‍ॅडव्हायझरनं मान डोलावली आणि टॅबवर टाइप केलं, 'इंजिन नॉइज – चेक'.

त्या गृहस्थांच्या वाक्यात निम्मं निदान झालेलं होतं. मागे माणूस बसला की मागचे शॉकअब्सॉर्बर दबतात, स्विंगआर्म वर येतो आणि चेनचा ताण बदलतो. मागे कोण बसलंय याचं इंजिनला सोयरसुतक नसतं. म्हणजे बहुधा चेन ढिली झालेली होती आणि कव्हरला घासत होती. कार्डावर यातलं काहीच उतरलं नाही. 'इंजिन' हा शब्द गृहस्थांनी काढलाही नव्हता, तो आला. 'मिसेस बसल्या की येत नाही' हे गेलं, कारण टॅबवर त्याला रकाना नव्हता. आता काचेच्या पलीकडे जो मुलगा या गाडीवर काम करणार, त्याच्या हातात नंबर, किलोमीटर आणि हे तीन शब्द असणार. तो गाडी मेन स्टँडवर घेईल, जागेवरच रेस करून ऐकेल, काही जाणवणार नाही, 'ओके' लिहील आणि गाडी वॉशिंगला जाईल.

'गाडी कंपनीत टाकावी, बाहेरच्या गॅरेजमध्ये द्यावी, की घरीच करावी' हा आपल्याकडचा जुना वाद आहे, आणि तो नेहमी कोण जास्त हुशार, कोण जास्त लुबाडतो या वळणावर जातो. काही महिने वर्कशॉप, गॅरेज आणि सोसायट्यांची पार्किंग हिंडल्यावर मला तो वाद चुकीच्या जागी होतोय असं वाटायला लागलं. कौशल्य तिन्हीकडे आहे आणि हलगर्जीपणाही तिन्हीकडे आहे. फरक इतकाच, की सर्व्हिस सेंटरमध्ये जो ऐकून घेतो तो गाडीला हात लावत नाही, आणि जो हात लावतो त्याच्यापर्यंत ऐकलेलं पोचत नाही.

हडपसरला स्वतःचं छोटं गॅरेज चालवणारा एक मेकॅनिक पूर्वी एका डीलरकडे टेक्निशियन होता. आयटीआय झालेला, कंपनीचं ट्रेनिंग घेतलेला. डीलरकडे वाईट काम होतं का, असं विचारल्यावर त्याला थोडा रागच आला. "मी तिथं वाईट काम करत नव्हतो, साहेब. टूल तिथं एक नंबर. पार्ट ओरिजिनल. पण तिथं मला गाडी भेटायची, गाडीवाला भेटायचा नाही." दिवसाला किती गाड्या व्हायच्या? "आठ-नऊ. दसऱ्याच्या आधी बारासुद्धा." आठ तासांची पाळी, त्यात जेवण, चहा, स्टोअरमधून पार्ट काढायला लागणारी रांग. एका गाडीला पाऊण तास मिळाला तर खूप. तेवढ्यात ऑइल बदलायचं, एअर फिल्टरला हवा मारायची, प्लग काढून साफ करायचा, चेन आवळायची, दोन्ही ब्रेक आणि क्लच सेट करायचे, केबलींना तेल द्यायचं. "पाऊण तासात गाडी होते," तो म्हणाला, "कळत नाही फक्त."

डीलरची बाजूही ऐकून घेण्यासारखी आहे. नवी गाडी विकून हातात पडणारं मार्जिन मर्यादित असतं. हमरस्त्यावरच्या शोरूमचं भाडं, दिवे, पगार हे सगळं निघायचं तर मागचं वर्कशॉप, सुटे भाग आणि विम्याचं नूतनीकरण चालावं लागतं. त्यामुळे अ‍ॅडव्हायझरला टार्गेट असतं, आणि पॉलिश, अँटिरस्ट, इंजिन फ्लश, पेट्रोलमध्ये घालायची बाटली ही सगळी मंडळी बिलावर अवतरतात. त्यातलं काही उपयोगीही असेल. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी राहत असेल तर गंजरोधक कोटिंगवर मी पैसे खर्च करीन. पण तोच कोट सोलापूरच्या कोरड्या हवेतल्या गाडीलाही त्याच उत्साहानं सुचवला जातो, कारण सुचवणाऱ्यासमोर गाडीचा नंबर असतो, गाव नसतं. 'फ्री सर्व्हिस' या प्रकाराबद्दलही पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांचा हमखास गैरसमज होतो. तिच्यात मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टर आणि 'कन्झ्युमेबल्स' नावाची गूढ ओळ यांचे पैसे द्यावेच लागतात.

या गूढ ओळींशी मुकाबला करायला पाना हातात धरावाच लागतो असं नाही. कोथरूडला राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाई मला भेटल्या. त्यांची ऑटोमॅटिक स्कूटर आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना 'मॅडम, तुम्ही बसा, चहा घ्या' असं म्हणतात आणि गाडीबद्दलचं बोलणं मात्र सोबत भाऊ आला असेल तर त्याच्याशी करतात. बाईंनी यावर शोधलेला उपाय साधा आहे. गाडी ताब्यात घेताना त्या म्हणतात, "दादा, जे जे बदललंत त्याचे जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवा." बेल्ट, ब्रेकशू, प्लग, एअर फिल्टर, सगळं. "मला बेल्ट बदलता येत नाही आणि शिकायचंही नाही," त्या म्हणाल्या. "पण जो वीसेक हजारांवर बदलायचा तो दहा हजारांवर बिलात आला, तर मी का ते विचारणार. आणि ते कारण खरं असलं तर पैसे देणार."

किती हजारांवर काय, हे त्यांना कुठून कळलं? गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतून. प्रत्येक ओनर्स मॅन्युअलच्या मागच्या भागात एक तक्ता असतो : उभ्या बाजूला सुटे भाग, आडव्या बाजूला किलोमीटर आणि महिने, आणि चौकटींत एकेक अक्षर. तपासा, साफ करा, वंगण द्या, जुळवा, बदला. भारतातल्या दुचाकीस्वारांनी सगळ्यात कमी वाचलेला मजकूर निवडायचा झाला तर माझं मत या तक्त्याला. डीलरचं जॉबकार्ड आणि हा तक्ता शेजारी ठेवून पाहिले, की कुठलं काम कंपनीनं सांगितलंय आणि कुठलं काउंटरवर जन्माला आलंय, ते पाच मिनिटांत कळतं.

हा तक्ता नीट वाचला की आणखी एक गंमत लक्षात येते. त्यात व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासा असं ठरावीक किलोमीटरांवर लिहिलेलं असतं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टॅपेट सेटिंग. इंजिनमधला व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू फुगतो. फट कमी झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर टकटक आवाज येतो. ही फट मिलिमीटरच्या शतांश भागांत फीलर गेजनं मोजतात, आणि मोजताना इंजिन गार असलं पाहिजे अशी अट असते. कित्येक जपानी घराण्याच्या गाड्यांच्या पुस्तिकांत ही मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली आहे. आता तुम्ही दहा किलोमीटर चालवत आणलेली गाडी, जी साडेदहाला आत गेली आणि दुपारी दोनला बाहेर येणार आहे, तिचं टॅपेट पुस्तिकेप्रमाणे कधी आणि कसं तपासणार? त्यासाठी गाडी आदल्या रात्री वर्कशॉपमध्ये मुक्कामाला ठेवायला हवी. एरवी टेक्निशियन कानानं ऐकतो, आवाज ठीक वाटला तर पुढे जातो, आणि कार्डावर त्या चौकटीत बरोबरची खूण होते. (मे महिन्यातल्या चंद्रपुरात ३५ अंशांची अट पाळायची तर पहाटेच उठावं लागेल, हे वेगळंच.) यात टेक्निशियनची लबाडी नाही. जी वेळ त्याला दिलेलीच नाही, ती त्यानं वापरली नाही एवढंच. गाडी घरी रात्रभर गार झालेली असते, आणि या एका कामात घरी करणारा माणूस जगातल्या कुठल्याही सर्व्हिस सेंटरच्या पुढे असतो.

घरी करणारी माणसं एके काळी आपल्याकडे घरोघर होती. ती काही छंदिष्ट नव्हती, स्कूटरनंच त्यांना तसं बनवलं होतं. बजाजचा पियाजिओबरोबरचा व्हेस्पाचा परवाना १९७१ साली संपला आणि पुढच्या वर्षी आकुर्डीहून 'चेतक' आली. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि एकदाची आली की ती आयुष्यभर सांभाळायची. सकाळी ऑफिसला निघताना ती चालू झाली नाही की पायजम्यावरच्या गृहस्थानं तिला एका अंगावर कलती करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची, हे दृश्य न पाहिलेला मराठी माणूस पन्नाशीच्या पुढे सापडणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल जळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. म्हणून डिकीत प्लगपाना, जादा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, फडकं आणि क्लचची एक केबल कायम. क्लच, गिअर, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळा कारभार केबलींवर, आणि केबल तुटायची ती नेमकी घाटात. पाठीमागे किंवा बाजूला स्टेपनी. पंक्चर झालं तर कुणाची वाट न पाहता चाक बदलायचं. दोन-एक वर्षांनी सायलेन्सर आणि हेड उतरवून साठलेला कार्बन खरवडायचा, ते डीकार्ब. त्यासाठी मिस्त्रीला घरीच बोलवायचे, आणि तो वाड्याच्या चौकात काम करत असताना मालक स्टुलावर बसून बघायचे, घरातली पोरं नट-बोल्ट ताटलीत जमा करायची.

पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे अजून चेतक आहे. त्यांनी मला सांगितलं, "मला काही इंजिन येत नाही. पण मिस्त्री काय करतो ते मी तीस वर्षं बघत होतो ना." तिथे काउंटर नव्हता. ज्यानं तक्रार ऐकली त्यानंच हात घातला, आणि ज्याची गाडी तो समोर बसलेला. गाडी दुरुस्त होता होता मालकही थोडा थोडा शिकायचा.

पुढं १९८५ साली दोन मोटारसायकली आल्या आणि दोन वेगळे पंथ निघाले. एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातली यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोकवाल्या पोरांची. तिचा कार्बोरेटर खोलणं, प्लगचा रंग बघून मिक्श्चर ठरवणं हा कॉलेजच्या गेटवरचा अभ्यासक्रम होता. आणि हीरो होंडा सीडी १००, चार-स्ट्रोक, ऑइल वेगळं, अ‍ॅव्हरेज अफाट. तिची जाहिरातच सांगत होती : टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. आपण इतके मनापासून विसरलो, की पुढची पिढी ऑइलची डिपस्टिक कुठं असते हेही विसरली. हे यंत्राच्या चांगलेपणाचं फळ आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. रोज सकाळी प्लग घासायला लावणाऱ्या स्कूटरबद्दल गहिवरणाऱ्यांनी ती स्कूटर पुन्हा ऑफिसला नेऊन दाखवावी.

पण विसरण्याजोगी गाडीसुद्धा काही गोष्टी विसरू देत नाही, आणि त्यांत पहिली चेन. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना चेनवर पूर्ण कव्हर असतं, तिला तपासायला खाली एक रबरी बूच असतं, आणि ते बूच गाडीच्या आयुष्यात किती वेळा निघतं ते विचारू नका. चेन उघडी असलेल्या गाडीला दर पाचशे किलोमीटरला वंगण हवं, पावसात ताम्हिणी उतरून आलात तर त्याच दिवशी. रॉकेलनं किंवा चेन क्लीनरनं धुवायची, तारेचा ब्रश लावायचा नाही, कारण कड्यांमधल्या रबरी रिंगा फाटतात. पुसून कोरडी करून नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा स्प्रे. ताण बहुतेक साध्या गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटरचा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. घरी करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे चेन ताठ करणं. ढिली चेन आवाज करते, ताठ चेन गुपचूप बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट खाते. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत : इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना चेनला फडकं लावायचं नाही. त्यात बोटं गेलेली माणसं प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असतात.

दुसरं ऑइल. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असं लिहिलेलं हवं. कारचं महागडं ऑइल घातलं की त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लचच्या प्लेटांवरही काम करतात, आणि गाडी रेस होते पण पळत नाही. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा, तिला 'एमबी'. साध्या गाडीत सुमारे लिटरभर ऑइल बसतं. खालचा ड्रेन बोल्ट काढायचा, निथळू द्यायचं, नवा वायसर घालून बोल्ट लावायचा. या बोल्टपाशीच घरगुती कारागिरीची परीक्षा होते. इंजिनचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. 'अजून थोडा आवळू' असं मनात आलं आणि हात त्या मनाच्या मागं गेला, की आटे गेले. मग मोठा बोल्ट, नाहीतर आटे पाडून स्लीव्ह. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात असणारा तरुण आपली गाडी दर दोन महिन्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो, तेही टॉर्क रेंचनं. तो म्हणाला, "कंपनीत मी दिवसभर बोल्टचा टॉर्क तपासतो आणि रविवारी स्वतःच्या गाडीला अंदाजे आवळू?"

त्याची खरी अडचण टॉर्कची नाहीच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी नोटीस लावली आहे : 'पार्किंगमध्ये वाहन दुरुस्ती करू नये. फरशीवर डाग पडल्यास दंड आकारण्यात येईल.' स्वतः काम करण्याची सवय मोडण्यात फोर-स्ट्रोक इंजिनाइतकाच फ्लॅट संस्कृतीचा वाटा आहे. वाड्याचा चौक गेला, बंगल्याचं अंगण गेलं, उरली पिवळ्या पट्ट्यांची एक चौकट, आणि तिच्यात पाना आपटला तरी वरच्या मजल्यावरून मान बाहेर येते. सेक्रेटरींचंही अगदीच चूक नाही. काढलेलं ऑइल कायद्यानं धोकादायक कचऱ्यात मोडतं. हा तरुण ते कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला देतो. तिथून ते टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्याकडे जातं, नाहीतर थेट बांधकामावर, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला. पण गटारात ओतणारे कमी नाहीत, आणि त्यांत गॅरेजवालेही आहेत.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी घरी करणाऱ्यांच्या बाजूचा नाही. पॅड किती उरलेत ते टॉर्च मारून बघणं, टाकीतल्या ब्रेक फ्लुइडचा रंग आणि पातळी बघणं, इथपर्यंत प्रत्येकानं यावं. हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-४ दर्जाचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की मानकाप्रमाणे ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. वरंध किंवा कुंभार्ली घाट ब्रेक दाबत उतरताना ते फ्लुइड उकळलं, की नळीत वाफ होते आणि लिव्हर हातात मऊ पडतो. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. हे काम सर्व्हिस सेंटरला हक्कानं सांगावं, कारण ते स्वतःहून सुचवलं जातंच असं नाही. पॉलिश मात्र दर वेळी सुचवलं जातं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हापासून नळ्यांतली हवा काढणं हेही पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. व्हिडिओ बघून ते शिकायला जाऊ नये. व्हिडिओतला माणूस ते आधी दहा वेळा करून मग कॅमेऱ्यासमोर बसलेला असतो.

तिसरा पर्याय ओळखीच्या गॅरेजचा. त्याच्याविषयी आपल्या मनात हळवेपणा असतो, आणि तो बराचसा रास्त आहे : मालक तिथं बसतो, बोलतो, जुना पार्ट हातात घेऊन बघतो. पण तिथल्या पार्टची खात्री कोण देणार? पुण्यात नाना पेठेत दुचाकीचा कुठलाही भाग मिळतो, आणि त्याच गल्लीत त्याच भागाचे तीन दर मिळतात : कंपनीचा, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या ब्रँडचा, आणि हुबेहूब खोक्यातला. दुसरा प्रकार कित्येकदा पहिल्याइतकाच चांगला असतो, तिसरा मात्र ब्रेकशू किंवा क्लच प्लेट म्हणून गाडीत जाता कामा नये. चांगला गॅरेजवाला हे स्वतः सांगतो. "काका, हा दीडशेला कमी आहे, पण मी लावणार नाही," असं म्हणणारा गॅरेजवाला सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

गॅरेजवाल्यासमोर आता पेच आहे तो वेगळाच. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं. बीएस-५ ही पायरी वगळूनच आपण तिथं उडी मारली. कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला. स्क्रू-ड्रायव्हरनं कानाचा अंदाज घेत आयडलिंग जमवायची कला एका रात्रीत निकामी झाली. सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि काही बिघडलं की मीटरवर पेटणारा पिवळा दिवा. काही गाड्यांमध्ये तो दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजून बिघाडाचा कोड काढता येतो, पण पुढचं सगळं निदान स्कॅनरवर, आणि कंपनीचा स्कॅनर कंपनीच्या डीलरकडे. बाजारात मिळणारे स्कॅनर काही गाड्या वाचतात, काही वाचत नाहीत. गंमत अशी, की अशा 'कॉम्प्युटरवाल्या' बिघाडांतले कित्येक निघतात बॅटरीचे. पूर्वी बॅटरी मेली तरी किकवर गाडी निघायची. इंजेक्शनच्या गाडीला पंप आणि ईसीयू जागे करायलाही बॅटरी लागते, आणि बऱ्याच गाड्यांची किकच काढून टाकली आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे; १२ च्या खाली असेल तर ईसीयूवर संशय घेण्याआधी तिला चार्ज करून बघावं.

हत्यारं आणि माहिती कुणाच्या हातात असावी, हा वाद भारतात एकदा मोठ्या प्रमाणावर लढला गेला, पण चारचाकीच्या मैदानात. २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कार कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण मूळ मुद्दा नोंदला गेला : गाडी विकल्यावर तिच्या दुरुस्तीचा बाजारही आपल्याच मुठीत ठेवणं स्पर्धेला मारक आहे. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू झालं, आणि निवडलेल्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. पण समिती म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे, की वॉरंटी टिकवायची तर आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. आपल्याकडच्या वॉरंटीच्या पुस्तिकांत मात्र ठरलेल्या सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच हव्यात, अशी अट सर्रास असते.

म्हणून नवी गाडी घेणाऱ्याला माझं सांगणं व्यवहारी आहे. वॉरंटी आहे तोवर गाडी कंपनीतच टाकावी, प्रत्येक बिल जपावं, आणि घरी फक्त चेन, हवा, बॅटरी आणि ऑइलची पातळी बघावी. तक्रार सांगताना ती कार्डावर आपल्याच शब्दांत लिहायला लावावी : कुठल्या गिअरला, किती वेगाला, गार असताना की तापल्यावर, एकटं असताना की डबलसीट. अ‍ॅडव्हायझर वैतागला तर वैतागू दे. शक्य असेल तिथं "जो गाडीवर काम करणार आहे त्याला दोन मिनिटं बोलवता का?" असं विचारावं, विचारल्यावर बोलवतात, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. सुपरवायझरला बरोबर घेऊन एक चक्कर मारून आवाज ऐकवता आला तर उत्तमच. आणि काम न करताच पैसे लावले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फीसुद्धा पडत नाही. वॉरंटी संपली की मग गॅरेज निवडावं, किंवा पाना हातात घ्यावा.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. नाना पेठेतल्या, हडपसरच्या, गावोगावच्या गॅरेजांत त्या दिवशी रिंग पाने, गोटी पाने, पक्कड असं सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेलं असतं. फ्लॅटमध्ये पुजायला लॅपटॉप ठेवतात, कारण गाडीबरोबर सीटखाली मिळायची ती हत्यारांची पिशवीही आता जेमतेम दोन तुकड्यांवर आली आहे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सगळ्या गाड्या प्रेशर पंपाखाली जातात. तो जोरदार फवारा चाकाच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या कोनसेटमध्ये आणि वायरींच्या जोडांत पाणी घालतो. गॅरेजवाले म्हणतात, दसऱ्यानंतरचा आठवडा त्यांचा बरा जातो. बादली आणि फडकं वापरलं तर झेंडूचा हार तितकाच शोभतो.

पेट्रोलवरची चेतक बंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच नावानं विजेवर परत आली. तिच्यासारख्या सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, टॅपेट नाही, क्लच नाही. जुन्या चेतकवाल्या काकांना जे जे येत होतं ते सगळं एका झटक्यात कालबाह्य. बॅटरी आणि कंट्रोलरला हात लावायची सोय नाही, आणि लावूही नये. तिथला विद्युतदाब आणि प्रवाह खेळण्याजोगा नसतो. तक्रार सांगायला आता माणूसही लागत नाही, गाडी परस्पर कंपनीला कळवते आणि मोबाइलवर निरोप येतो : सर्व काही ठीक.

हडपसरच्या त्या गॅरेजमध्ये मी बसलो असताना एक मुलगा अशीच इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन आला. मागून घुंग आवाज येतो म्हणाला. अ‍ॅपवर काही दिसत नाही, कंपनीत टाकली तर तिथंही सगळं ओके आलं. मेकॅनिकनं विचारलं, "वळताना जास्त येतो का सरळ जाताना?" मुलगा क्षणभर थांबला. "डावीकडे वळताना." मेकॅनिकनं गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक हातानं फिरवलं, दुसरा हात स्विंगआर्मवर ठेवून. मग चाक आडवं धरून हलवलं. "बेअरिंग गेलंय. पाणी शिरलंय."

"पण तुम्ही इलेक्ट्रिकचं काम करता?"

"बेअरिंग कुठं इलेक्ट्रिकवर चालतं?" तो म्हणाला आणि पोऱ्याला गोटी पाना आणायला सांगितलं.